खुर्चीवर कोण, मागे कोण : लग्नातल्या ग्रुप फोटोचा इतिहास



आज आपण एका अगदी घरगुती वस्तूचा इतिहास पाहणार आहोत. लग्नातला ग्रुप फोटो. हा फोटो नाही असं घर सापडणं कठीण, आणि तो काढताना आवाज चढला नाही असं लग्नही सापडणं कठीण. ‘मामांना बोलवा’, ‘आत्या कुठे गेल्या?’, ‘अहो, काका पंगतीला बसलेत, आता कसं उठवायचं?’ नवरा-नवरी उभे राहून दमलेले, फोटोग्राफर घामाघूम, आणि ज्या विहीणबाईंना मधोमध बसायचं होतं त्या टोकाला बसल्यामुळे गप्प गप्प. हे दृश्य आपल्याला इतकं सवयीचं झालंय की आपण ते लग्नाच्या विधींपैकीच एक समजतो.

पण इतिहासाच्या अभ्यासकाला इथे एक कोडं दिसतं. पूर्वी एका फोटोसाठी काही सेकंद पुतळ्यासारखं बसावं लागे. आज कॅमेरा सेकंदाच्या हजाराव्या भागात काम उरकतो. म्हणजे कॅमेऱ्याची अडचण जवळजवळ संपली. मग ताण कमी का झाला नाही? उलट वाढला का?

आमचं म्हणणं आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं ऐकायला सोपं जाईल. जुन्या फोटोग्राफीला मर्यादा फार होत्या, आणि त्या मर्यादांमुळे घरातल्या माणसांना आधी बसून ठरवावं लागे : किती फोटो, कुठे, कोणत्या वेळी, कोणाकोणाचे. मर्यादा गेल्या आणि त्यांच्याबरोबर ते ठरवणंही गेलं. मानपान मात्र राहिला. ठरवलेलं काही नाही आणि मान तर सगळ्यांना द्यायचाय, याचं नाव ताण.

ओली काच आणि थरथरणारी राणी

सुरुवात मुंबईपासून करू. फोटोग्राफीचा शोध १८३९ मध्ये पॅरिसमध्ये जाहीर झाला. त्यानंतर अवघ्या पंधरा वर्षांनी, १८५४ मध्ये, मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली. तिच्या सुरुवातीच्या सभासदांत डॉ. भाऊ दाजी लाड होते, आणि त्यांचे बंधू डॉ. नारायण दाजी तर स्वतः उत्तम फोटो काढत. १८५५ मध्ये एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये फोटोग्राफीचा वर्ग निघाला. तिथे शिकलेल्या हरिश्चंद्र चिंतामण यांनी पुढे मुंबईत नामांकित स्टुडिओ चालवला. म्हणजे ही कला आपल्याकडे फार लवकर आली, आणि ती शिकणाऱ्यांत आपली माणसं होती.

तेव्हाची रीत काय होती? १८५१ मध्ये फ्रेडरिक स्कॉट आर्चर यांनी शोधलेली ओल्या काचेची. काचेवर कोलोडियन नावाचं चिकट द्रावण पसरायचं, ती चांदीच्या क्षारात बुडवायची, ओली असतानाच कॅमेऱ्यात घालायची, फोटो घ्यायचा आणि वाळायच्या आत अंधाऱ्या खोलीत धुवायची. सगळा खेळ दहा-पंधरा मिनिटांचा. आपल्या उन्हाळ्यात तर त्याहूनही कमी. माणसांनी तोवर तयार असायला हवं. ‘थांबा, काका येतायत’ म्हणायची सोयच नाही. काका येईपर्यंत काच वाळणार.

शिवाय फोटो घेताना काही सेकंद हलायचं नाही. मान स्थिर राहावी म्हणून मागून लोखंडी आधार लावत. जुन्या फोटोंतली माणसं इतकी गंभीर का, असं आपण विचारतो. काही सेकंद एकसारखं हसू चेहऱ्यावर धरून बघा, म्हणजे कळेल.

लग्नाच्या दिवसाचा फोटो आणि मनाची घालमेल यांचं नातंही तेवढंच जुनं आहे. २५ जानेवारी १८५८, लंडन. राणी व्हिक्टोरियाच्या थोरल्या मुलीचं लग्न प्रशियाच्या राजपुत्राशी. मुलगी सतरा वर्षांची. लग्नाला निघण्याआधी आई, वडील आणि नवरी असा तिघांचा फोटो काढला गेला. मुलगी स्पष्ट आली, वडील स्पष्ट आले. आईचा चेहरा मात्र पुसट. राणीने आपल्या रोजनिशीत कारण नोंदवून ठेवलंय : आपण इतक्या थरथरत होतो की आपली छबी नीट उमटली नाही. अर्ध्या जगावर राज्य करणारी बाई, पण लेकीच्या लग्नाच्या दिवशी तिला काही सेकंद स्थिर बसवेना. तेव्हा आपल्या मांडवातल्या आयांना ‘जरा शांत उभ्या राहा’ म्हणण्याआधी ही राणी आठवावी.

चौकातलं जाजम

आता ओली काच गेली आणि कोरडी आली. १८७१ मध्ये रिचर्ड लीच मॅडॉक्स यांनी जिलेटिनच्या कोरड्या काचेची कल्पना मांडली, आणि १८८० च्या सुमारास अशा काचा कारखान्यात तयार होऊन विकत मिळू लागल्या. फोटोग्राफरला आता अंधारी खोली पाठीवर घेऊन हिंडायची गरज उरली नाही. तो स्टुडिओतून बाहेर पडला आणि वाड्याच्या चौकात आला. लग्नाचा खरा ग्रुप फोटो इथे जन्मला.

जुन्या अल्बममधले असे फोटो आपण पाहिले असतील. मागे भिंत किंवा पांढरी चादर. खाली जाजम. जाजमावर मुलं मांडी घालून बसलेली. मधे खुर्च्यांची रांग. मागे उभी माणसं. ही तीन रांगांची मांडणी इतकी पक्की झाली की शाळा, कचेरी, नाटक मंडळी, सगळीकडे तीच. तिच्यामागे कारणं होती. एक तर सगळ्यांचे चेहरे दिसायला हवेत. दुसरं, त्या काळच्या भिंगाला कमी खोलीतलंच स्पष्ट दिसे, म्हणून माणसं जवळजवळच्या रांगांत बसवावी लागत. तिसरं, बरीच जुनी भिंगं कडांपाशी पुसट होत, म्हणून हुशार फोटोग्राफर रांग सरळ न ठेवता टोकं थोडी पुढे, कॅमेऱ्याकडे वळवून घेत. काही जुन्या फोटोंत रांग कमानीसारखी दिसते, ती याचमुळे.

रंगाचंही एक गुपित आहे. सुरुवातीच्या काचांना निळा प्रकाश चांगला दिसे, पिवळा फार कमी आणि लाल जवळजवळ दिसतच नसे. त्यामुळे मामाने दिलेली पिवळीधमक साडी फोटोत काळपट येई आणि कुंकू तर अगदी काळा ठिपका. आज कोणी तो फोटो पाहून म्हणतं, ‘नवरीला असल्या काळ्या साडीत का बसवलं?’ तर बसवलं नव्हतं, काचेला पिवळा दिसला नव्हता.

आणि वेळ? लग्नं चार-चार दिवस चालत. गोरज मुहूर्त म्हणजे दिवस मावळतानाचा. तेव्हा काचेला पुरेसा उजेडच नसे. म्हणून विधी एकीकडे आणि फोटो एकीकडे. फोटो सकाळच्या उजेडात, निवांत वेळ काढून, किंवा लग्नानंतर नवं जोडपं स्टुडिओत जाऊन. लक्षात घ्या, मुहूर्ताचा आणि फोटोचा एकमेकांशी झगडाच नव्हता. दोघांना आपापली वेळ होती.

हीच ती मर्यादा, जी आम्ही सुरुवातीला म्हटली. काचा मोजक्या, खर्च मोठा, उजेडाची वेळ ठरलेली. तेव्हा घरातला कोणी जाणता माणूस आदल्या दिवशीच ठरवून ठेवी : खुर्च्या किती, त्यांवर कोण, मागे कोण. वाद होत नसत असं नाही. पण ते आदल्या रात्री माजघरात होत, कॅमेऱ्यासमोर नाही.

मांडवात उजेड आला

१८८७ मध्ये जर्मनीत मॅग्नेशियमची एक भुकटी निघाली, जी पेटवली की क्षणभर लख्ख उजेड पडे. तिच्यामुळे अंधारात फोटो शक्य झाला, पण धूर इतका व्हायचा की दुसरा फोटो लगेच घेणं अवघड, आणि कापडी मांडवाखाली ती पेटवणं म्हणजे आगीशी खेळ. १९२९-३० च्या सुमारास काचेचे फ्लॅश बल्ब आले. एक बल्ब एकदाच. नंतर पुन्हा पुन्हा चमकणारा इलेक्ट्रॉनिक फ्लॅश आला आणि फोटोग्राफर चौकातून थेट बोहल्याशी येऊन उभा राहिला.

हा मोठा बदल होता. आतापर्यंत लग्नाचं वेळापत्रक भटजींच्या हातात होतं. आता त्यात दुसरा वाटेकरी आला. ‘इकडे बघा’, ‘हार परत घाला’, ‘अक्षता जरा थांबून टाका’. अंतरपाट दूर होण्याचा क्षण हा मुहूर्ताचाही आणि फोटोचाही. दोन घड्याळं एकाच मांडवात चालू झाली.

तरीही एक लगाम शिल्लक होता, फिल्मच्या रोलचा. आपल्याकडच्या बऱ्याच फोटोग्राफरांच्या गळ्यात तेव्हा रोलीफ्लेक्स किंवा याशिका. त्यात १२० नंबरचा रोल बसे आणि एका रोलवर चौकोनी बारा फोटो. घरात कोणाकडे बडोद्याला तयार झालेला आग्फा क्लिक असला तरी त्यातही बाराच. फिल्म महाग आणि सहज न मिळणारी. ती देशात तयार व्हावी म्हणून १९६० मध्ये हिंदुस्थान फोटो फिल्म्स ही सरकारी कंपनी स्थापन झाली आणि उटीला तिचा कारखाना उभा राहिला; त्याची ‘इंदू’ फिल्म अनेकांना आठवत असेल. तीन रोल म्हणजे छत्तीस फोटो. त्यातले विधींचे वगळले तर ग्रुपसाठी उरणार दहा-बारा. मग यादी आपोआपच होई. ‘मुलीकडचे मामा-मामी आणि मावश्या एकत्र घ्या, वेगळे नकोत.’ बारा हा आकडा कुटुंबातल्या कोणत्याही वडीलधाऱ्यापेक्षा कडक होता आणि त्याच्यावर कोणी रुसतही नसे.

ऐंशीच्या दशकात रंगीत फोटो सर्रास झाले, व्हिडिओ आला, आणि मुख्य म्हणजे स्टेजवरची राजेशाही खुर्ची आली. ग्रुप फोटोचं रूपच पालटलं. आधी एक कुटुंब एकदा बसे. आता नवरा-नवरी जागच्या जागी उभे आणि पाहुणे रांगेने येऊन शेजारी उभे राहून जाणार. साधा हिशेब करू. चारशे पाहुणे, चौघांचा एक गट, एका गटाला एक मिनिट. शंभर मिनिटं झाली. जवळजवळ पावणेदोन तास दोन माणसं उभी, बहुधा उपाशी, बहुधा पहाटेपासून उठलेली. आणि इतकं करून संपूर्ण कुटुंब एका चौकटीत कुठेच नाही.

मोबाइल आला आणि शेवटचा लगामही सुटला. समोर दहा फोन. प्रत्येक जण वेगळ्या फोनकडे बघतो, त्यामुळे एकाही फोटोत सगळ्यांची नजर एका जागी नसते.

चौकटीबाहेर कोण

आता ज्या मुद्द्यासाठी हा विषय निवडला, तिथे येऊ. ग्रुप फोटो म्हणजे कुटुंबाने स्वतःची काढलेली यादी असते. तिच्यात कोण आहे हे आपण पाहतो. कोण नाही हेही पाहायला हवं.

स्त्रिया कॅमेऱ्यासमोर यायला वेळ लागला. हैदराबादेत राजा दीनदयाळ यांनी १८९२ मध्ये पडद्यातल्या स्त्रियांसाठी वेगळा स्टुडिओ काढला. तिथे फोटो काढणारीही बाईच होती. पुढे १८९६ मध्ये मुंबईतही त्यांचा स्टुडिओ निघाला. हळूहळू स्त्रिया चौकटीत आल्या. आधी कडेला, मग मागे, मग खुर्चीवर.

पण एक बाई नव्हती. विधवा. घरात ती होती, मांडवाच्या मागे होती, कोठीची खोली सांभाळत होती, शेकडो लाडू तिने वळलेले होते. मुहूर्ताला समोर यायचं नाही, ओटी भरायची नाही, आणि म्हणून फोटोतही नाही. महर्षी धोंडो केशव कर्वे यांनी ११ मार्च १८९३ रोजी गोदूबाई या विधवेशी लग्न केलं तेव्हा मुरुडच्या गावकऱ्यांनी त्यांच्यावर बहिष्कार टाकला. बहिष्कार म्हणजे शेवटी काय? आमच्या शेजारी बसायचं नाही. आणि ग्रुप फोटो म्हणजे काय? कोण कोणाच्या शेजारी बसलं त्याचा पुरावा. दोन्हींची भाषा एकच आहे.

हे सगळं इतिहासजमा झालं असं म्हणायची सोय नाही. मे २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाडच्या ग्रामसभेला विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव करावा लागला, आणि त्याच महिन्यात राज्य सरकारने इतर ग्रामपंचायतींना हेरवाडचं अनुकरण करायला सांगणारं परिपत्रक काढलं. ज्याअर्थी ठराव लागतो त्याअर्थी प्रथा आहे. आजच्या शहरी लग्नात आजीला कोणी ‘येऊ नका’ म्हणत नाही. ती स्वतःच म्हणते, ‘तुमचं होऊ द्या, मी नंतर येते.’ गडबडीत सगळे ‘बरं’ म्हणतात. आणि ते ‘नंतर’ येत नाही.

इथे घाईचा खरा दोष दिसतो. घाईत माणसं निर्णय घेत नाहीत, घाईत रूढी निर्णय घेते. कोणाच्याही मनात आजीला वगळायचं नसतं. पण ठरवलेलं नसलं की जुनी सवय आपली जागा बरोबर घेते. हेच वेगळे राहणाऱ्या आई-वडिलांचं, हेच आंतरजातीय लग्न केलेल्या मावशीचं, हेच घरात वीस वर्षं काम करणाऱ्या बाईंचं. कॅमेऱ्यासमोर उभं राहून ‘यांना कुठे उभं करायचं?’ हा प्रश्न विचारला की अपमान झालाच. तोच प्रश्न आठ दिवस आधी घरात विचारला तर तो प्रेमाचा होतो.

मग करायचं काय?

इतिहासाच्या व्याख्यानात सल्ले देऊ नयेत म्हणतात. पण इथे इतिहासच सल्ला देतोय, तेव्हा सांगून टाकू.

पहिलं, बाराचा रोल परत आणा. कॅमेऱ्यात हजार फोटो मावत असले तरी ठरवलेले ग्रुप दहा-बाराच. कागदावर नावं लिहा, दोन्हीकडच्यांनी एकत्र बसून लिहा, आणि सगळ्यात आधी त्यांची नावं लिहा जी राहून जायची भीती आहे. फोटोग्राफरला ‘घरचे सगळे’ असं सांगून काही कळत नाही; त्याला सगळे चेहरे अनोळखी.

दुसरं, चौकातली सकाळ परत आणा, म्हणजे फोटोला स्वतःची वेळ द्या. आपल्या लग्नांत ती सापडते. दोन्ही मंडळी आदल्या संध्याकाळी कार्यालयात आलेली असली तर सीमांत पूजनाच्या आधी किंवा नंतर काका-आत्या-मावश्यांचे मोठे ग्रुप होऊन जातात. कोणी भुकेलं नसतं, कोणाला गाडी पकडायची नसते. लग्नाच्या सकाळी नवरी गौरीहराशी बसलेली असताना मुलाकडचे ग्रुप होऊ शकतात. अंतरपाट दूर होईपर्यंत दोघांना एकत्र घेता येत नाही, म्हणून मंगलाष्टकांनंतर फक्त तेच फोटो ठेवा ज्यात दोघंही हवेत. त्यातही वयस्करांचा ग्रुप पहिला, म्हणजे ते पंगतीला मोकळे.

तिसरं, हाक मारणारा माणूस. पूर्वी हे काम घरचा कोणी जाणता करी. मुलाकडून एक, मुलीकडून एक, ज्यांना सगळी नाती तोंडपाठ आहेत आणि ज्यांचा आवाज खणखणीत आहे असे दोघं नेमा. वधूपित्याला हे काम देऊ नका, त्याला आधीच पुष्कळ कामं आहेत.

चौथं, उजेड. जुने स्टुडिओ उत्तरेकडून काचेतून उजेड घेत, कारण तिकडून थेट ऊन येत नाही. कापडी मांडवातून गाळून येणारा उजेडही तसाच मऊ. आज स्टेजमागे झगझगीत पडदा असतो आणि त्यापुढे चेहरे काळवंडतात. कार्यालयाचा व्हरांडा किंवा झाडाची सावली बघून ठेवा आणि चार खुर्च्या तिथे आधीच मांडा.

आणि पाचवं, डोळे मिटण्याचं. ऑस्ट्रेलियातल्या निक स्वेन्सन आणि पिअर्स बार्न्स यांनी याचं गणित मांडलं, त्याला २००६ मध्ये गमतीचा ‘इग नोबेल’ही मिळाला. ग्रुप विसापेक्षा लहान असेल तर चांगल्या उजेडात माणसांच्या संख्येला तीनने भागा, कमी उजेडात दोनने. येईल तितके फोटो लागोपाठ घ्या, एकात तरी बहुधा सगळ्यांचे डोळे उघडे असतील. अठरा माणसं असतील तर सावलीतल्या चांगल्या उजेडात सहा, अंधाऱ्या हॉलमध्ये नऊ. तेवढ्या वेळात बाकीचे फोन खिशात.

मंडळी, शंभर वर्षांनी आपलं लग्न कसं झालं हे कोणी त्या हजार फोटोंवरून ठरवणार नाही. तेवढे पाहायला कोणाला सवड असणार? एखादाच ग्रुप फोटो टिकेल, आणि आपल्या पणतवंडांना त्यातूनच कळेल की या घरात कोणाकोणाला आपलं मानत होते. त्यातली मधली खुर्ची कोणाला द्यायची हे ठरवायला लग्नाच्या आधीची एक निवांत संध्याकाळ पुरते. ती खुर्ची आजीला दिली, तर आजी ‘मी नंतर येते’ म्हणणार नाही. तिला घ्यायला कोणी तरी आधीच गेलेलं असेल.

इथे थांबतो. आपले प्रश्न असतील तर जरूर विचारा.